दुसऱ्या लाइनीवरची गाडी

बेळगावहून लोंढ्याकडे जाणाऱ्या रुळांवर, खानापूर तालुक्यात, एका कीमनच्या, म्हणजे रोज पायी चालत रूळ तपासणाऱ्या रेल्वे कामगाराच्या, अंगावरून गाडी जायची थोडक्यात चुकली. गुडघ्याला मुका मार, मुरगळलेलं मनगट आणि गाडीखाली चेपलेला एक पाना, एवढ्यावर निभावलं. कार्यालयात त्याची नोंद दोन ओळींची आहे. घरात पुढे जे घडत गेलं ते मात्र दोन ओळींत मावणारं नाही. माझी सगळी नोकरी रुळांच्या देखभालीत झाली. निवृत्तीनंतरही कामगारांच्या घरी जाणं-येणं राहिलं, त्यामुळे अपघाताची बाजू मला कळत होती आणि चुलीजवळची बाजूही ऐकायला मिळाली. घरच्यांना विचारून हे लिहितो आहे. ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही.

माझं मत आधीच सांगतो. हा माणूस निष्काळजी नाही. एकेरी लाइनीवर ज्या सवयींनी त्याला सांभाळलं, त्याच सवयी दुहेरी लाइन आल्यावर जिवावर उठल्या. आणि त्या सवयी सगळ्या घरानं मिळून अंगी बाणवलेल्या होत्या.

घर

मिरज-लोंढा मार्ग आधी मीटरगेज होता. रुळांतलं अंतर १,००० मिलिमीटर. १९९० च्या दशकात तो ब्रॉडगेज झाला आणि हे अंतर १,६७६ मिलिमीटर झालं. कीमनचे वडील मीटरगेजच्या काळातले गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीतले (गँगमधले) कामगार. ते आता नाहीत. आई सत्तरी ओलांडलेली, कानाला थोडी मंद. ती सांगते, कोळशाचं इंजिन होतं तेव्हा झाडांच्या शेंड्यावर आधी धूर दिसायचा, मग बायका म्हशी वळवायच्या. पुढे डिझेल आलं. धूर दिसेनासा झाला, पण रूळ वाजायचे, जमीन हलायची. कुठली गाडी गेली यावर घरात चहाचं आधण चढायचं. या घरात गाडी ही डोळ्यांनी आणि कानांनी ओळखायची गोष्ट होती. मुलगा हेच ऐकत मोठा झाला आणि २००६ मध्ये, लग्नाच्या एक वर्ष आधी, स्वतः ट्रॅकमन म्हणून रुजू झाला. आज त्याचं वय ४६. काही वर्षांपूर्वी तो कीमन झाला.

कीमनचं काम बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. गँगच्या हद्दीतला सगळा टापू रोज एकदा पायी तपासायचा. रूळ स्लीपरला, म्हणजे खालच्या आडव्या पट्ट्यांना, धरून ठेवणारी क्लिप सैल झाली का, निखळली का, जोडावरचे बोल्ट घट्ट आहेत का, वेल्डिंगला तडा आहे का, खडी सरकली का, हे सगळं बघायचं. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरवे झेंडे आणि डेटोनेटर, ज्याला आम्ही फटाके म्हणतो. रुळावर लावले की ते चाकाखाली मोठ्यानं वाजतात आणि चालक सावध होतो. रूळ तुटलेला दिसला तर गाडी थांबवायची. ब्रॉडगेजवर धोक्याच्या जागेपासून ६०० मीटरवर एक फटाका आणि १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतरानं तीन फटाके लावायचे, असा नियम आहे. म्हणजे तुटलेल्या रुळाजवळून सव्वा किलोमीटर गाडीच्या दिशेनं पळत सुटायचं. थंडीत पहाटे रूळ आकसतो आणि वेल्डला तडा जातो, उन्हाळ्यात दुपारी रूळ फुगून वाकायची भीती, पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला दरड, झाड आणि धुकं. हजारो प्रवासी ज्या रुळांवरून झोपेत जातात, ते रोज सकाळी कुणीतरी चालत जाऊन पाहिलेले असतात.

बायको घरची दीड-दोन एकर भातशेती बघते. थोरली मुलगी बेळगावात पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, वसतिगृहात राहते. धाकटा मुलगा मराठी शाळेत नववीला. घर लाइनीच्या एका बाजूला, शेत दुसऱ्या बाजूला. हा तपशील पुढे लागणार आहे.

गेल्या काही वर्षांत या मार्गाचं दुहेरीकरण आणि विद्युतीकरण झालं. सप्टेंबर २०२४ पासून पुणे-हुबळी वंदे भारत धावू लागली, ऑगस्ट २०२५ मध्ये बेंगळुरू-बेळगाव वंदे भारत सुरू झाली. बेळगावकरांच्या दृष्टीनं हे फार चांगलं झालं, मीही त्यातलाच. पण विजेवरची गाडी आवाज कमी करते आणि वेगानं येते, याचा हिशेब रुळांवर चालणाऱ्याला रोज मांडावा लागतो.

तो दिवस

श्रावणातली सकाळ, नऊच्या पुढे. बारीक पाऊस आणि धुकं. आदल्या रात्री दोनच्या सुमारास लाइनीवर झाड पडल्याचा निरोप आला होता. मुकादमाबरोबर तोही गेला, झाड तोडून बाजूला करेपर्यंत पहाट झाली. जेमतेम तीन तास झोप झाली होती. सकाळी सातला तो नेहमीप्रमाणे बीटवर, म्हणजे रोज तपासायच्या टापूवर, निघाला.

जाताना त्याचं सगळं बरोबर होतं. बेळगावकडे जाणाऱ्या गाड्यांच्या लाइनीवरून तो लोंढ्याच्या दिशेला चालत होता, म्हणजे त्या लाइनीवरची गाडी त्याला समोरून दिसली असती. दुहेरी लाइनीवर चालायचं ते असंच, गाडीकडे तोंड करून. येताना दुसऱ्या लाइनीवरून यायचं, म्हणजे तेव्हाही गाडी समोरूनच येते आणि दोन्ही लाइनी तपासून होतात. पण जाताना एका वळणावर त्याला तुटलेली क्लिप दिसली होती. जवळच्या क्लिपा संपलेल्या. बीटच्या टोकाला फाटकाजवळच्या पेटीतून त्यानं एक घेतली आणि ती बसवायला जाताना वापरलेल्या लाइनीवरूनच माघारी आला. आता या लाइनीवरची गाडी त्याच्या पाठीमागून येणार होती.

तो क्लिप ठोकायला वाकला तेव्हा समोरून, शेजारच्या लाइनीवर, टँकरची मालगाडी येत होती. त्यानं ती पाहिली. ती आपल्या लाइनीवर नाही हेही पाहिलं, आणि काम चालू ठेवलं. वीस वर्षांच्या अंगवळणी पडलेल्या हिशेबात हे चूक नव्हतं: गाडी कुठे आहे ते कळलं की माणूस सुरक्षित. एकेरी लाइनीवर एका टापूत एका वेळी एकच गाडी. ती दिसली की दुसरी नाही.

याच वेळी लोंढ्याकडून, त्याच्या पाठीमागून, विजेच्या इंजिनाची एक्स्प्रेस वळणावर आली. मालगाडीचा खडखडाट इतका होता की एक्स्प्रेसचा हॉर्न त्यात बुडाला. रेनकोटची टोपी कानांवरून ओढलेली. आणि नेमका खिशातला मोबाइल थरथरला. मुलीचा फोन. त्याचा हात खिशाकडे गेला.

वाचवलं ते मालगाडीच्या लोको पायलटनं, म्हणजे चालकानं. त्याला समोर वाकलेला माणूस दिसला आणि त्याच्या मागे येणारा एक्स्प्रेसचा दिवाही दिसला. त्यानं हॉर्न सलग न वाजवता तुटक तुटक, पुन्हा पुन्हा वाजवला आणि दिवा उघडझाप केला. हा वेगळा आवाज ऐकून कीमननं मान वर केली, मागे पाहिलं आणि कडेच्या गटारात उडी टाकली. पाना रुळावर राहिला.

त्या वळणावर नजर तीनशे मीटरपलीकडे जात नाही, धुक्यात त्याहून कमी. ताशी १०० किलोमीटरची गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. म्हणजे दिसल्यापासून अंगावर येईपर्यंत अकरा सेकंदही मिळत नाहीत. तेही तुमचं तोंड त्या बाजूला असेल तर.

काय काय जुळून आलं

अपघाताचं एक कारण शोधायची आपल्याला घाई असते, कारण एक कारण सापडलं की एका माणसावर ठपका ठेवता येतो. इथे निदान सहा गोष्टी होत्या. अपुरी झोप, उलट दिशेनं चालणं, रेनकोटची टोपी, दोन गाड्या एकत्र येणं, फोन आणि एकट्यानं काम. यातली कुठलीही एक नसती तर हा प्रसंग घडलाच नसता किंवा इतका जिवावर आला नसता.

पण या सहांना मी सारखं वजन देणार नाही. सर्वांत जड माझ्या मते दुसऱ्या लाइनीवरची गाडी. नियम साधा आहे: दोन्हींपैकी कुठल्याही लाइनीवर गाडी येताना दिसली की दोन्ही लाइनी सोडून बाहेर कडेला व्हायचं, दोन लाइनींच्या मधेही उभं राहायचं नाही, आणि गाडी पूर्ण गेल्यावर दोन्हीकडे पाहूनच पुन्हा आत यायचं. हा नियम त्याला तोंडपाठ होता, विचारल्यावर त्यानं न अडखळता सांगितला. पाठ असणं आणि अंगात असणं यांत फरक आहे. अंगात वडिलांच्या काळापासूनचा नियम होता, गाडी ऐकायची. आता एक गाडी दुसरीचा आवाज खाते, हे अंगात उतरायला नुसतं परिपत्रक पुरत नाही. दुहेरीकरण झाल्यावर प्रत्येक कीमनला त्याच्याच बीटवर, त्याच्याच वळणांवर एखाद्या जाणत्यानं बरोबर चालून हे दाखवायला हवं, असं मी जोर देऊन म्हणतो. सभेत वाचून दाखवलेला कागद हिंदी किंवा कन्नडमध्ये असतो. हा माणूस दोन्ही भाषा फाडफाड बोलतो, पण वाचताना अडखळतो. घरात वाचलं जातं ते मराठी.

दुसरं वजन एकटेपणाचं. धुक्यात, वळणावर वाकून काम करणाऱ्याच्या मागे नजर ठेवायला दुसरा माणूस हवा. ‘रक्षक’ नावाचं यंत्र काही ठिकाणी दिलं गेलं आहे, गाडी त्या टापूकडे निघाली की अंगावरचं यंत्र वाजतं आणि थरथरतं. या बीटवर ते तेव्हा पोचलेलं नव्हतं. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीनं २०१२ मध्ये अहवाल दिला. २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत कामावर असताना सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी मरण पावले आणि सुमारे ८,७०० जखमी झाले, असं त्यात नोंदवलं आहे. प्रवासी गाडीचा मोठा अपघात झाला की देश हळहळतो. ही माणसं एकेकटी जातात, म्हणून बातमी होत नाही.

घरात

त्यानं घरी सांगितलं, गटारात पाय घसरला. बायकोला खरं कळलं ते चार-पाच दिवसांनी चक्कीवर, दुसऱ्या गँगमनच्या बायकोकडून. ती दळण तिथेच टाकून घरी आली. "मला सांगायला काय झालतं?" एवढं एकच ती विचारत राहिली. त्याचं उत्तर, "सांगून तू काय करणार होतीस?" मग दोघांचं बोलणंच बंद.

सासू मधे पडली. तिचं ठरलेलं वाक्य होतं, "रुळाचं अन्न खातोय, रुळाला भिऊन कसं चालंल?" आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस. या वाक्यानं त्या घराला दोन पिढ्या ताठ उभं ठेवलं, हे मी मान्य करतो. पण त्यामुळेच भीती बोलून दाखवायची जागा घरात उरली नव्हती. सून रात्री दोनला नवऱ्यामागे दार लावून घ्यायची आणि तो परत येईपर्यंत उंबऱ्याशी बसून राहायची, हे सासूला त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं. ऐकून म्हातारी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मीबी बसायचो गं." त्या भागातल्या जुन्या बायका असंच बोलतात, ‘मी बसायचो’. त्यानंतर दोघी एकमेकींशी वेगळ्या रीतीनं बोलू लागल्या.

सगळ्यांत जास्त झळ मुलीला बसली. परीक्षेच्या फीसाठी तिनं फोन केला होता. कुणीतरी घरात बोलता बोलता म्हणून गेलं, "फोनमुळं झालं." तिनं बाबांना फोन करणंच सोडलं. आईजवळ म्हणाली, "मीच मारलं असतं त्यांना." सुट्टीला आली तेव्हा मी त्या घरी होतो. कुणी काही समजावून सांगण्याआधी बापानं अंगणात चार काठ्या मांडल्या, दोन लाइनी केल्या, खडे ठेवून मालगाडी, एक्स्प्रेस आणि स्वतःला दाखवलं. मी कुठून आलो, का आलो, टोपी कशी होती, रात्री किती झोपलो, सगळं तिला सांगितलं. शेवटी म्हणाला, "तुझा फोन आला तेव्हा मी आधीच चुकीच्या जागी होतो. फोननं एक-दोन सेकंद घेतले. तेवढंच तुझं, बाकीचं माझं नि कामाचं."

हे त्यानं फार योग्य केलं असं मला वाटतं. फोनचा काही संबंधच नव्हता असं सांगितलं असतं तर सतरा वर्षांच्या हुशार मुलीनं ते मानलं नसतं. किती संबंध होता ते खरं सांगितल्यावर तिला ते उचलता आलं. तिथेच ठरलं: बीटवर असताना मोबाइल बंद करून पिशवीत, टोकाच्या फाटकाशी पोचल्यावर तो स्वतः घरी फोन करणार, अगदी अडलं तर मुकादमाला सांगायचं. मुलीचा फोन पाचनंतर.

झोपेचं बायकोनं हातात घेतलं. रात्री बोलावणं आलं तर सकाळी मुकादमाला तसं सांगून उशिरा निघायचं किंवा बीटवर दुसरा माणूस मागायचा. नवरा हे मागायला लाजतो, म्हणून पहिल्यांदा तिनंच मुकादमाच्या बायकोमार्फत निरोप धाडला. मुकादम भला माणूस, त्यानं ऐकलं.

लाइनीपलीकडचं शेत

या प्रकरणात एक धोका असा होता ज्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. म्हातारी रोज म्हैस घेऊन लाइन ओलांडते. जवळच भुयारी मार्ग केलेला आहे, पण खानापूरच्या पावसात त्यात गुडघ्याच्या वर पाणी साचतं, मग सगळे वरूनच जातात. कानानं मंद असलेली बाई मालगाडीची शेपूट जायची वाट बघते आणि लगेच निघते. मुलगा ज्या सापळ्यात सापडला, अगदी तोच. पहिली गाडी जाताना दुसरी तिच्याआड लपलेली असते.

मी हे म्हटलं तेव्हा कीमनच्या चेहऱ्यावर भीती दिसली. स्वतःच्या प्रसंगातही ती मला दिसली नव्हती. आता पावसाळ्यात म्हैस घराच्याच बाजूला बांधतात, वैरण सून आणते. धाकट्याला अंगणातल्या त्या काठ्यांवरच शिकवलं आहे: शेवटचा डबा गेला तरी पाय उचलायचा नाही, लाइन पूर्ण मोकळी दिसेपर्यंत थांबायचं. म्हातारी मात्र ऊन पडलं की अजूनही म्हैस सोडते. भुयारी मार्गातलं पाणी उपसायची सोय व्हावी म्हणून गावानं सह्यांचा अर्ज दिला आहे.

ट्रंकेतले कागद

बायकोला मी कागदांबद्दल विचारलं तेव्हा ती चिडली. "मेल्यावरचं आता कशाला वाचायचं काका?" तिचं चिडणं बरोबर होतं. तरी ट्रंक उघडली, कारण न बोललेल्या भीतीतला निम्मा भाग ‘आमचं पुढे काय होईल’ हाच असतो.

नॉमिनेशन, म्हणजे मागे पैसे कुणाला द्यायचे त्याची नोंद, नोकरीला लागतानाचं, आईच्या नावे, लग्नानंतर बदललेलं नाही. सेवा नोंदीत बायकोचं लग्नातलं नाव, आधार आणि बँकेत माहेरचं नाव, कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं आडनाव तिसरंच. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत आहे, आणि सीमाभागात कागद तीन लिप्यांतून फिरतात. एका बाईच्या तीन बायका होतात. घरावर आभाळ कोसळलेलं असताना ती ‘हीच ती’ हे सिद्ध करायला तिला नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत, वंशावळीच्या दाखल्यासाठी आणि कोर्टात प्रतिज्ञापत्रासाठी खेटे घालावे लागतात. असे खेटे घालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

कुणीच त्यांना सांगितलेलं नव्हतं ते थोडक्यात मराठीत लिहून दिलं. ड्युटी बजावताना अपघाती मृत्यू आला तर केंद्राच्या नियमांप्रमाणे २५ लाख रुपये सानुग्रह रक्कम मिळते. १ जानेवारी २००४ पासून रुजू झालेल्यांना राष्ट्रीय पेन्शन योजना लागू असली, तरी सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतनाचा पर्याय आहे: पहिली दहा वर्षं शेवटच्या मूळ पगाराच्या ५० टक्के, पुढे ३० टक्के. त्यासाठी पर्यायाचा फॉर्म भरून सेवा नोंदीत लावलेला असावा. पत्नीला किंवा मुलांपैकी एकाला अनुकंपा तत्त्वावर नोकरी मागता येते. बायकोनं तो कागद दोनदा वाचला, घडी करून देव्हाऱ्याच्या खणात ठेवला आणि म्हणाली, "एवढं तरी कळलं. रोज रात्री मी हाच हिशेब करत होतो, आणि आकडेच ठाऊक नव्हते."

सध्याची स्थिती

कीमन त्याच बीटवर आहे. बदली मागणार का, असं विचारलं होतं, तो नको म्हणाला, आणि मलाही त्याचा निर्णय पटतो. नव्या बीटवर वळणं नवी असतात. रेनकोटची टोपी त्यानं कापून टाकली, आता डोक्याला काठ असलेली प्लास्टिकची टोपी घालतो, कान उघडे राहतात. क्लिपांची जादा पिशवी निघतानाच घेतो, म्हणजे उलट दिशेनं माघारी यायची वेळ येत नाही. मालगाडीच्या त्या लोको पायलटचा पत्ता काढून त्यानं लोंढ्याला जाऊन भेट घेतली, बरोबर मुलगी होती.

नॉमिनेशन बदललं. पर्यायाचा फॉर्म लागला. नावाच्या दुरुस्तीचा अर्ज नाडकचेरीत आहे, आडनाव पुन्हा चुकीचं पडल्यानं एकदा परत आला आणि आता दुसऱ्यांदा दिला आहे. धुक्याच्या दिवसांत बीटवर दुसरा माणूस द्यावा हा अर्ज मुकादमानं वर पाठवला. लेखी उत्तर आलेलं नाही, पण गँगमध्ये माणसं पुरेशी असली की तो सकाळी एकाला बरोबर देतो. माणसं कमी पडली की कीमन एकटाच जातो.